हाताची घडी

तेहतीस वर्षे मास्तरकी केली. त्या काळात आम्ही सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे : ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला आणि त्याच वर्षी आम्हाला नोकरी लागली. काही वर्षांनी बदली झाली ती भामरागडच्या बाजूला, माडिया गोंडांच्या एका लहानशा गावात. पहिलीच्या पोरांना मराठी फारसे कळत नसे. आम्ही आज्ञा सोडली की बाकीची पोरे एकमेकांकडे बघून हात बांधून बसत. एक पोरगा मात्र सरळ आमच्या मनगटाकडे बोट दाखवी. बाजारात त्याने घड्याळाला ‘घडी’ म्हणताना ऐकले होते. गुरुजी रोज सकाळी आपल्या हाताच्या घडीचे नाव घेतात, अशी त्याची समजूत. आमच्या चंद्रपूरकडे घड्याळाला घडीच म्हणतात, त्यामुळे चूक त्याचीही नव्हती.

ती हातावरची घडी म्हणजे एचएमटीची कांचन. ऑटोमॅटिक. सोनेरी मुलाम्याची, चौकोनी वळणाची, वार आणि तारीख दाखवणारी. आज ती आमच्या हातावर आहे आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. ती आमची आहे का, हा प्रश्न मात्र आम्ही फार उशिरा विचारला.

आमचा निकाह १९८४ च्या डिसेंबरात झाला. मुलगा सरकारी नोकरीत, तोही मास्तर. आमच्या घरच्या बुजुर्गांनी ‘आम्हाला काही नको’ असे सांगितले आणि मग तीन गोष्टी सांगितल्या : सायकल, रेडिओ आणि घडी. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. आमच्या मोठ्या चाचांनी त्यात भर घातली, ‘घडी एचएमटीचीच पाहिजे, आणि तीही ऑटोमॅटिक. चावीवाली नको.’ आम्ही तिथेच, पडद्यापलीकडे बसलो होतो. वय सत्तावीस. डी.एड. झालेले. हुंडा घेणे गुन्हा आहे हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही गप्प राहिलो. आमच्या आज्ञेचा दुसरा भाग आम्ही त्या दिवशी स्वतःच पाळला.

आता हिशेब मांडायला बसलो की एक योगायोग दिसतो. हिंदुस्थान मशीन टूल्स ही कंपनी १९५३ सालची. तिने जपानच्या सिटिझन कंपनीशी घड्याळांचा करार केला १९६१ साली, आणि बंगळूरच्या कारखान्यातून देशी घड्याळे बाहेर पडू लागली. साध्या नोकरदाराच्या मनगटावर घड्याळ आले ते यामुळे. आधी स्विस घड्याळे असत, ती वकील-डॉक्टरांकडे नाहीतर मालगुजारांकडे. हुंडा प्रतिबंधक कायदाही १९६१ चाच, १ जुलैपासून लागू झालेला. म्हणजे घड्याळ आणि कायदा दोन्ही बरोबरीने देशात आले. घड्याळ आमच्या मांडवापर्यंत पोहोचले, कायदा मात्र कुठेतरी वाटेत उतरून गेला.

त्या काळात कांचनचा रुबाब और होता. लग्नसराईत ती मिळणे मुश्कील. दुकानदाराकडे नाव सांगून ठेवावे लागे. डायलवर ‘२१ ज्वेल्स’ असे लिहिलेले. आमच्या एका फुफीने ते वाचून घेतले आणि सगळ्या बायकांत जाहीर केले की दुल्ह्याच्या घडीत एकवीस हिरे आहेत. खरे तर ते हिरे नसतात. कारखान्यात बनवलेली माणके असतात, बारीक, छिद्र पाडलेली. घड्याळातल्या चाकांचे आस त्यांत फिरतात, म्हणजे झीज कमी होते. त्यांची किंमत हिऱ्यामाणकाची नसते. पण फुफीचा शब्द मोहल्ल्यात टिकला. कित्येक वर्षे आम्ही ‘एकवीस हिऱ्यांचे मास्तर’ होतो.

निकाहानंतरच्या पहिल्या जुम्याला आम्ही ती घालून मशिदीत गेलो. वुजूला बसताना शेजारच्या एका बुजुर्गांनी पाहिले आणि विचारले, ‘मर्दाला सोने हराम आहे, ही सोनेरी घडी कशी चालेल?’ चार माणसे जमली. कुणी म्हणाले चालते, कुणी म्हणाले मकरूह. शेवटी पेशइमाम साहेबांना विचारले. त्यांनी घडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, ‘सोने वेगळे, सोन्याचा मुलामा वेगळा. खरवडून सोने निघत नसेल तर हरकत नाही. मनाला खटकत असेल तर मात्र घालू नका.’ आमच्या मनाला काही खटकले नाही. मुलामा हलाल की हराम यावर पाऊण तास बहस झाली. ती घडी आली कुठून, हे त्या हौजावर एकानेही विचारले नाही. विचारायला तिथे कुणाचा हात मोकळा होता? निम्म्या मनगटांवरच्या घड्या तशाच आलेल्या होत्या.

ठेवणीतली वस्तू म्हणून अम्मीने ती ट्रंकेत ठेवायला सांगितली होती. ईद, शादी, हाकिमाची भेट, एवढ्यापुरती काढायची. पण ऑटोमॅटिक घड्याळाला ट्रंक मानवत नाही. त्याच्या पोटात अर्धचंद्राच्या आकाराचे एक वजन असते. हात हलला की ते आसाभोवती फिरते आणि मुख्य स्प्रिंगला पीळ भरते. तोच पीळ हळूहळू सुटत काटे चालवतो. अशा बहुतेक घड्याळांत तासाला २१,६०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला सहा. हातातून काढून ठेवले की भरलेल्या पिळावर ते सुमारे चाळीस तास चालते. मग थांबते. दर ईदला ट्रंकेतून काढलेली घडी बंदच असे, वार-तारीख लावता लावता नमाजची वेळ व्हायची. शेवटी आम्ही ठरवले, रोज घालायची. शाळेत, बाजारात, जंगलातसुद्धा.

जंगलात तिची खरी किंमत कळली. चंद्रपूरहून निघालेली एसटी बल्लारपूर, गोंडपिपरी करत आष्टीला वैनगंगा ओलांडे, आलापल्लीला पोहोचे आणि तिथून पुढे सागाच्या जंगलातून भामरागडची वाट. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, हे आजही वर्तमानपत्रात येते. तेव्हा तर नद्या चढल्या की आठवडे जात. गावात वीज नव्हती. रेडिओचे सेल संपले की संपले. तोवर बॅटरीची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात स्वस्त झाली होती आणि वेळ आमच्या घडीपेक्षा अचूक दाखवत. आमच्या सोबतच्या गुरुजींकडे तसले एक होते. एका जुलैत त्याचा सेल संपला आणि ते दिवाळीपर्यंत मनगटावर मुके बसून राहिले. आमची कांचन दिवसाला वीसेक सेकंद पुढे जाई. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ४,३२० मध्ये एक सेकंदाची चूक. मास्तर म्हणून आम्ही तिला पासाचे गुण दिले. तिला सेल नको, चावी नको. मास्तर चालला की घडी चालते.

मास्तर थांबला तेव्हा काय झाले तेही सांगतो. १९८७ च्या ऑक्टोबरात आम्हाला हिवताप झाला. गडचिरोलीत राहून मलेरिया झाला नाही असा मास्तर विरळा. थंडी वाजून अंग उडत होते, तेव्हा घडी काढून उशाशी ठेवली. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाहिले तर काटे सव्वासातावर थांबलेले. कोणते सव्वासात, कुणास ठाऊक. तारीख दोन दिवस मागे. रेडिओही बंद. आजारपणात नमाजा कजा झाल्या होत्या, आता निदान आजची असर तरी वेळेवर वाचावी, पण वेळ कुणाला विचारायची?

तो मनगटाकडे बोट दाखवणारा पोरगा दाराशी उभा होता. आता तिसरीत गेलेला, मराठी चांगले येत असलेला. त्याला म्हटले, ‘किती वाजले असतील रे?’ त्याने आमच्याकडे पाहिलेच नाही. ओसरीच्या खांबाची सावली पाहिली. म्हणाला, ‘गुरुजी, अजून शाळा सुटायची आहे. सावली पायरीवर आली की तुम्ही घंटा देता.’ आम्ही दोघे बसून राहिलो. सावली पायरीला लागली तेव्हा आम्ही काटे पाचावर आणले आणि घडी हलवून हलवून चालू केली. म्हणजे रोज आमच्या घडीवर वाजलेल्या घंटेने त्या पोराने सावली ओळखायला शिकले होते आणि आज त्या सावलीने त्याने घडी लावून दिली. पुढे वननाक्यावरच्या रेडिओवर आकाशवाणीची वेळ ऐकली तेव्हा फरक निघाला नऊ मिनिटांचा.

त्या संध्याकाळी एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या नमाजेच्या वेळा मुळात सावलीच्याच आहेत. भर दुपारची मूळ सावली वजा करून वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट झाली की आम्हा हनफी लोकांची असर सुरू होते. कोकणातले आपले शाफई भाई एकपटीला वाचतात. पूर्वी मोठ्या मशिदींत मुवक्कित नावाचा माणूस नेमलेला असे. सूर्य, सावली, तारे पाहून वेळ ठरवणे हे त्याचे काम. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न शातिरसारखा थोर खगोलशास्त्रज्ञ या कामावर होता आणि त्याने तिथे सावलीचे घड्याळ बसवले होते. आमचा मुवक्कित तिसरीत शिकणारा, अनवाणी, माडिया बोलणारा होता, एवढाच फरक.

दुसरा धडा रमजानने दिला. १९८८ चा रमजान एप्रिलात आला. शाळा चालू होती, सुट्टी लागायची होती. एका नातेवाइकांनी मुंबईहून छापील टाइमटेबल पाठवले होते. सुबक, हिरव्या शाईचे. पहिल्या दिवशी आम्ही त्यावर आणि घडीवर नजर ठेवून इफ्तारीला बसलो. सूर्य मावळला, पाखरे घरट्यांत गेली, अंधार पडू लागला, आणि टाइमटेबल म्हणते अजून थांबा. मग भूगोल आठवला, जो आम्हीच शिकवत होतो. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे. मुंबई आणि भामरागड यांच्यात पावणेआठ अंशांच्या आसपास अंतर. म्हणजे आमचा सूर्य मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी मावळतो, आणि चंद्रपूरच्याही पाचेक मिनिटे आधी. इफ्तारीत अर्धा तास उपाशी राहिलो तर फार तर पोट कळवळते. पण पहाटे त्याच टाइमटेबलवर सहरी खाल्ली तर उजेड फुटल्यावरही आपण खातच बसू, आणि रोजा होणारच नाही. घड्याळ एका देशाची एक वेळ दाखवते. फर्ज मात्र ज्या जमिनीवर उभे आहोत तिथल्या सूर्याने लागू होते. पुढची सहा वर्षे आम्ही रमजानचे टाइमटेबल स्वतः मांडले, वहीच्या रेघा मारून.

अशी ती घडी रोजची झाली. वुजूच्या वेळी काढायची, शर्टाच्या खिशात टाकायची. पट्ट्याखाली पाणी पोहोचले पाहिजे, आणि घडीत मात्र पाणी जाता कामा नये. पावसाळ्यात कातडी पट्टा कुजे, म्हणून आम्ही लोखंडी चेन बसवली. उन्हाळ्यात ती चेन चंद्रपूरच्या उन्हात अशी तापे की मनगटावर चट्टे उठत. सोनेरी मुलामा कडांवरून उडाला आणि खालचे पांढरे धातू दिसू लागले. मशिदीतला तो प्रश्न आपोआप मिटला. लग्नाला, मय्यतीला, मुख्याध्यापकांच्या सभेला आणि गावातल्या भातशेतीच्या बांधावर तीच एक घडी. सुटाबुटावर शोभणारी वस्तू आम्ही शेणामातीत वापरली म्हणून लोक हसत. पण रोज घातली म्हणूनच ती वीस वर्षे चालली.

२००४ च्या सुमारास काच फुटली. तोवर खिशात मोबाइल आला होता. वेळ त्यातच दिसे. दुरुस्तीला उद्या नेऊ, परवा नेऊ असे करता करता घडी कपाटात गेली आणि तिथेच राहिली. आम्ही २०१५ साली निवृत्त झालो. पुढच्याच जानेवारीत, २०१६ मध्ये, वर्तमानपत्रात बातमी आली की केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. कोणे एके काळी ‘देश की धडकन’ म्हणवणारी कंपनी. बातमी वाचून का कोण जाणे, आम्ही उठलो आणि कपाट उघडले. घडी हलवली, आतले वजन खडखडले. काटे ढिम्म.

चंद्रपूरला गोल बाजाराकडे एक जुने घडीसाज अजून बसतात. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण उघडले आणि म्हणाले, ‘मास्तर, काही मोडले नाही. तेल सुकले आहे. चालती घडी घासून मरते, ठेवलेली घडी सुकून मरते. तुमची सुकली आहे.’ आठ दिवसांनी धुऊन, तेल घालून, नवी काच बसवून त्यांनी ती हातात दिली. सेकंदकाटा तरतर चालत होता.

घरी आलो ते खुशीत. बेगम भाजी निवडत होत्या. आम्ही मनगट पुढे केले आणि म्हणालो, ‘बघा, बत्तीस वर्षांची झाली. मुलांच्या घड्या आल्या-गेल्या. ही फुकटची घडी मात्र टिकली.’

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, ‘मुफ्त की कैसी? अब्बा ने दो सीझन भरे इसके.’

आम्ही विचारले, म्हणजे? तेव्हा त्यांनी सांगितले. एका सुरात, भाजी निवडत. आमचे सासरे आरमोरीकडचे. तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी होते. मे महिन्यात माणसे पहाटे जंगलात जातात, पाने तोडून आणतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. हजार पुड्यांची एक गोणी. ते पुडे मोजून घेणे, वहीत लिहिणे, वाळत घातलेल्या पुड्यांवर नजर ठेवणे हे मुन्शीचे काम. वर्षाची कमाई त्या काही आठवड्यांतच व्हायची. आमच्या चाचांनी ऑटोमॅटिकचा शब्द टाकला तेव्हा सासऱ्यांकडे चावीवाल्या घडीपुरते पैसे होते. वरच्या रकमेसाठी, सायकलीसाठी, रेडिओसाठी त्यांनी ठेकेदाराकडून उचल घेतली. पुढचे दोन मौसम त्यांची मजुरी उचलीत कापली गेली. घर चालवायला दुसरा हात हवा म्हणून धाकट्या मुलाला त्यांनी फळीवर सोबत घेतले. पोरगा चौदा वर्षांचा, आठवीत होता. मौसम संपला तरी तो शाळेत परत गेला नाही.

म्हणजे १९८५ च्या जून महिन्यात आम्ही हातावर घडी बांधून दुसऱ्यांच्या मुलांची हजेरी घेत होतो, कोण पाच मिनिटे उशिरा आला ते पाहत होतो. आणि त्याच घडीपायी आमचा मेव्हणा शाळेच्या हजेरीपटावरून गेला होता.

‘तुम्ही कधी बोलला नाहीत,’ आम्ही म्हणालो.

‘तुमने कभी पूछा?’ त्या म्हणाल्या.

त्या रात्री झोप लागली नाही. उशाशी घडी टिकटिकत होती. पहाटे आणखी एक गोष्ट आठवली, जी आठवायला बत्तीस वर्षे लागावीत याची शरम वाटली. आमचे मेहर. निकाहनाम्यात लिहिलेली रक्कम एक हजार एक रुपये, आणि पुढे शब्द, ‘उधार’. आपल्याकडे ते तसेच लिहितात. नवरा मेला की मय्यतीपाशी बाईला विचारतात, ‘मेहर माफ केले का?’ आणि रडणारी बाई मान हलवते. सूरह निसाच्या सुरुवातीलाच बायकांचे मेहर खुशीने देण्याचे फर्मान आहे, हे आम्हाला पाठ होते. शरियतीने जे आमच्याकडून त्यांना जायचे होते ते उधार राहिले. शरियतीत आणि कायद्यात ज्याला जागाच नव्हती ते आम्ही रोख घेतले, आणि बत्तीस वर्षे हातावर मिरवले.

मौलाना साहेबांना विचारले. ते म्हणाले, ‘देणे एक हजार एकच आहे. ते कर्ज आहे. वाढवून देणे तुमच्या मनावर.’ १९८४ साली दहा ग्रॅम सोने दोन हजार रुपयांच्या आसपास होते. म्हणजे आमचे मेहर तेव्हाच्या पाच ग्रॅम सोन्याइतके. २०१६ साली पाच ग्रॅमला चौदा-पंधरा हजार पडत होते. पेन्शनची रक्कम काढली, पाकिटात घातली आणि बेगमपुढे ठेवली. त्यांनी नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. मुन्शीची मुलगी. मग आपल्या डब्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘मेरा हिसाब हुआ. भाई का तुम जानो.’

मेव्हण्याचे वडशाला सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. सासरे जाऊन पंधरा वर्षे झालेली. आम्ही गेलो, चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग मनगटावरची घडी काढून त्याच्यापुढे धरली आणि जे बोलायचे होते ते कसेबसे बोललो. त्याने घडीकडे पाहिले, हात पुढे केला नाही. हाताला काळे तेल होते. म्हणाला, ‘दुल्हाभाई, ही घालून मी काय करू? दिवसभर ट्यूबच्या पाण्यात हात असतो. आणि अब्बांनी दिलेली चीज आम्ही परत घेत नाही.’ थोडा वेळ थांबून हसला आणि म्हणाला, ‘तसेही मला शाळेत जायला आवडत नव्हते.’

आम्ही तेहतीस वर्षे मुलांची खोटी कारणे ऐकली आहेत. खोटे बोलताना मूल कुठे बघते ते आम्हाला कळते. बेगमने नंतर सांगितले, तो सातवीत वर्गात दुसरा आला होता.

निघताना त्याने घडी आमच्या हातात परत बांधली. बांधताना दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, ‘तुमची दोन मिनिटे पुढे आहे.’

तेव्हापासून आम्ही ती रोज घालतो. मुलगा पुण्याला आहे. त्याने जपानी ऑटोमॅटिक आणून देतो म्हटले, नंतर म्हणाला, पावले मोजणारे, नाडी मोजणारे घड्याळ घ्या. चांगली असतील. ऐपतीतलेही असतील. साधे ऑटोमॅटिक घड्याळ आज मास्तराला जड नाही. नव्याने घेणाऱ्याला आम्ही एवढेच सांगू : स्वतःच्या पैशाने घ्या, आणि मग रोज घाला. ईदसाठी राखून ठेवू नका. मुलाच्या निकाहात मुलीकडच्यांनी घड्याळाची डबी पुढे केली तेव्हा आम्ही ती आदराने परत केली आणि मुलाला मेहर तिथेच, सगळ्यांसमोर, नगद द्यायला लावले. काही नातेवाइकांना ते दिखाऊ वाटले. वाटू द्या. आम्ही एकदा तोंडावर बोट ठेवले होते, त्याची किंमत आम्हाला माहीत आहे.

मेव्हण्याची धाकटी मुलगी यंदा आठवीत आहे. तिची वह्या-पुस्तके आमच्याकडून जातात, गणिताची शंका ती फोनवर विचारते. पण याला फेड म्हणता येणार नाही. तिच्या बापाची आठवी कुठल्याही दुकानात मिळत नाही. आमच्या पश्चात तरका वाटायची वेळ येईल, तेव्हाचा नियम मुलांना सांगून ठेवला आहे : आधी कर्ज, मग वाटणी. ही घडी वाटणीत धरू नका. ती मामूच्या घरी न्या. तेव्हाही त्यांनी घेतली नाही तर तुमच्यापैकी कुणी तरी हातावर बांधा, पण कशी आली ते विचारल्याशिवाय बांधू नका.

दर जुम्याला गुस्ल झाले की आम्ही मोबाइल समोर ठेवून घडी लावतो. आठवड्यात ती दोनेक मिनिटे पुढे गेलेली असते. काटे मागे घेतो, मनगटावर चढवतो आणि मशिदीकडे चालू लागतो. चालताना आतले वजन फिरते, ते हाताला कळते.